झाकली मूठ

आपल्या भाषेतील काही म्हणी अशा आहेत की त्या कानी पडताच माणूस विचार करावयाचे थांबतो. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही त्यांपैकीच एक. भाऊबंदकीतील तंटा असो, व्यापारातील खोट असो, की घरातील एखाद्याचे दुर्वर्तन असो, ही म्हण एकदा कोणी वडीलधाऱ्याने उच्चारली म्हणजे पुढची चर्चा आपोआप मिटते. मीही ती अनेकदा उच्चारली आहे, आणि उच्चारताना आपण शहाणपणाचे बोलत आहो असेच मला वाटत आले. परंतु ती मूठ कोणाची, तिच्या आत काय आहे, आणि ती झाकून ठेवण्याचे सव्वा लाख कोणाच्या पदरचे जातात, हा प्रश्न मात्र साठी उलटेपर्यंत माझ्या मनास शिवला नव्हता. तो ज्या प्रसंगाने शिवला तो आधी सांगते.

सोलापुरात संक्रांतीच्या दिवसांत श्रीसिद्धेश्वराची यात्रा भरते. आम्ही तिला गड्डा म्हणतो. नंदीध्वजांची मिरवणूक निघते, आणि भोगीच्या दिवशी तळ्याकाठच्या संमती कट्ट्यावर अक्षतांचा सोहळा होतो. सिद्धरामेश्वरांशी विवाह करू इच्छिणाऱ्या कुंभारकन्येची कथा या सोहळ्यामागे आहे. योगी पुरुषाने स्वतः विवाहास नकार दिला, पण आपल्या योगदंडाशी लग्न लावण्यास तिला मुभा दिली, अशी ती कथा. या सोहळ्यात प्रथम संमतीचे वाचन होते आणि मगच अक्षता पडतात. काही वर्षांमागे आम्ही सारे आप्त तो सोहळा पाहून घरी परतलो होतो. तिळगूळ वाटणे चालले होते. माझी पाच वर्षांची नात एका वयोवृद्ध नातलगांच्या मांडीवर बसावयास तयार होईना. सगळे हसत होते. कोणी तिला 'लाजाळू' म्हणाले, कोणी पाठीमागून हलकेच ढकलले. इतक्यात माझ्या चुलत नणंदबाई, ज्यांचा आवाज चाळीस वर्षांत मी चढलेला ऐकला नव्हता, एकदम ओरडल्या, "तिला नको आहे ना? मग सोडा तिला!"

खोलीत क्षणभर शांतता पसरली. नंतर कोणीतरी विषय बदलला. रात्री निजानीज झाल्यावर त्या माझ्याजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, मघाशी मी ओरडले ते त्या पोरीसाठी नव्हे. ते मी साठ वर्षे उशिरा ओरडले."

त्यानंतर त्यांनी जे सांगितले ते तपशिलाने लिहिण्याचे कारण नाही, आणि ते सभ्यतेचेही होणार नाही. सारांश इतकाच की, उन्हाळ्याच्या सुटीत सारा वाडा गच्चीवर निजत असे त्या दिवसांत, वयाच्या आठव्या वर्षापासून अकराव्या वर्षापर्यंत, घरात वडीलकीने वावरणाऱ्या आणि गावात मान असलेल्या एका आप्ताने त्यांच्यावर लैंगिक अत्याचार केला होता. त्यांनी आईला सांगितले होते. आईने त्यांना पोटाशी धरले, रडून घेतले, आणि म्हटले, "कोणाला सांगू नकोस हो. झाकली मूठ सव्वा लाखाची." त्या रात्रीपासून त्या आईच्या अंथरुणात निजू लागल्या आणि अत्याचार थांबला. परंतु त्या आप्तांच्या पानात वाढण्याचे काम त्यांच्याकडे पूर्ववत चालू राहिले.

या कथेतील आईला दोष देणे सोपे आहे. मला ते साधत नाही. त्या माउलीजवळ दुसरे होते काय? ती स्वतः त्या घरात परकी, अर्थार्जन नाही, माहेर दूर. बोलावे तर मुलीचे लग्न जमणार नाही, आणि पुरुषाचे काही बिघडणारही नाही, हा तिचा हिशेब चुकीचा नव्हता. तिने आपल्या परीने मुलीचे रक्षणच केले. तरीही त्या रक्षणाने जे केले ते असे की, अपराध एकाचा आणि त्याचे ओझे दुसरीच्या शिरावर, अशी वाटणी घरात कायम झाली. आपण ज्यास अब्रू म्हणतो ती घराची ठेव खरी. पण ती सांभाळावयास आपण देतो कोणाकडे? घरातील सर्वांत लहान आणि सर्वांत दुबळ्या व्यक्तीकडे. हा न्याय आहे काय, हाच या लेखाचा प्रश्न.

हा प्रश्न आजचा नाही. 'संमती' या शब्दावरून महाराष्ट्रात एकदा मोठे वादळ उठले होते. 1860 च्या दंडसंहितेप्रमाणे मुलीचे संमतीवय दहा वर्षांचे होते, आणि पतीलाही तो नियम लागू असे. 1890 साली कलकत्त्यास फुलमणी दासी नावाच्या दहा-अकरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूचा खटला चालला. तिच्याहून कितीतरी वडील असलेल्या पतीच्या संगाने ती रक्तस्राव होऊन मेली होती. तिचे वय दहाच्या वर असल्यामुळे बलात्काराचे कलम लागू होईना, आणि पतीस एक वर्षाच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. बेहरामजी मलबारींनी 1884 पासून बालविवाहाविरुद्ध जी चळवळ चालविली होती तिला या घटनेने जोर आला, आणि 1891 साली संमतीवयाचा कायदा होऊन ती मर्यादा दहावरून बारा झाली. रानडे आणि भांडारकर कायद्याच्या बाजूस होते. टिळक विरुद्ध होते. सुधारणा हवी, पण परक्या सरकारच्या कायद्याने नको, ही त्यांची भूमिका होती. शास्त्रार्थ झाले, सभा झाल्या, सभा उधळल्याही गेल्या. आज ते सारे वाचताना एक गोष्ट मनास टोचते. फुलमणी मेली म्हणून तिची मोजदाद झाली. तिच्यासारख्या ज्या असंख्य मुली मेल्या नाहीत, ज्या सकाळी उठून सडासंमार्जनास लागल्या, त्यांच्या मनाचे पुढे काय झाले, हे त्या वादात दोन्ही पक्षांपैकी फारसे कोणी विचारले नाही. शरीराला इजा होते की नाही एवढाच त्या काळचा प्रश्न होता. मनालाही वय असते, ही कल्पना अजून जन्मावयाची होती.

विचारणाऱ्या होत्या त्या बहुधा स्त्रियाच, आणि त्यांना पडद्याआडून बोलावे लागले. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या आणि पतीच्या घरी नांदावयास जाण्याचे नाकारणाऱ्या रखमाबाईंनी 1885 साली मुंबईच्या इंग्रजी पत्रात बालविवाहावर लिहिले ते 'एक हिंदू स्त्री' या सहीने. 1887 साली न्यायालयाने त्यांस नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असे सांगितले तेव्हा त्यांनी तुरुंगाची तयारी दर्शविली. पुढे विलायतेस जाऊन त्या डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी आयुष्यभर स्त्रियांची शुश्रूषा केली. सुरतेच्याच विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला 1881 साली भ्रूणहत्येच्या आरोपावरून फाशीची शिक्षा झाली. ती नंतर काळ्या पाण्यावर आली. तेव्हा सारी वृत्तपत्रे स्त्रीजातीच्या अधःपातावर लिहीत असता, बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 1882 साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून एक साधा प्रश्न टाकला, की या विधवेचे पाप दिसले, पण त्या पापातील पुरुष कोठे आहे? आमच्या जिल्ह्यातील पंढरपुरास 1875 च्या सुमारास लालशंकर उमियाशंकर या न्यायखात्यातील सद्गृहस्थांच्या पुढाकाराने अशा अभागी स्त्रियांच्या मुलांसाठी आश्रम निघाला. जोतिराव फुल्यांनी पुण्यास 1863 सालीच असे गृह काढले होते. त्या आश्रमांच्या दाराशी रात्री-अपरात्री येणाऱ्या बालविधवांपैकी कितीजणींना ज्या घराने आश्रय द्यावयाचा त्याच घराने नासविले असेल, हे कोणत्या दप्तरात लिहून ठेवलेले असणार? कुंपणच शेत खाते, ही म्हण आपल्या पूर्वजांनी अनुभवाशिवाय केलेली नाही.

1933 साली 'कळ्यांचे निःश्वास' हे पुस्तक प्रसिद्ध झाले तेव्हा महाराष्ट्रभर खळबळ उडाली, आणि 'विभावरी शिरूरकर' कोण याचा शोध सुरू झाला. त्या बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर, होत हे नंतर उघड झाले. पुढे त्यांनी आमच्या सोलापुरातच, तारेच्या कुंपणामागे ठेवलेल्या 'गुन्हेगार' जमातींच्या वसाहतीत काम केले. त्या पुस्तकाचा विषय सुशिक्षित अविवाहित मुलींच्या मनाची घुसमट हा आहे, अत्याचार नव्हे. परंतु मुलींचा निःश्वास छापावयाचा तर लेखिकेस नाव झाकावे लागते, एवढी गोष्ट त्या काळच्या हवेची साक्ष देण्यास पुरेशी आहे.

आता या जखमेचे स्वरूप काय, ते पाहू. युरोपात या विषयाला तोंड फुटले आणि लगेच ते दाबलेही गेले, ही कथा बोधप्रद आहे. 1896 साली फ्रॉइड यांनी व्हिएन्नाच्या वैद्यमंडळींपुढे सांगितले की, आपण तपासलेल्या अठराही रुग्णांच्या उन्मादाच्या मुळाशी बालपणीचा लैंगिक अत्याचार आहे. सभेने ते थंडपणे ऐकले. पुढच्याच वर्षी त्यांनी स्वतः ते मत सोडले आणि रुग्णांच्या आठवणींत बराच भाग कल्पनेचा असतो, असे मानावयास आरंभ केला. 1932 साली त्यांचेच शिष्य फेरेन्झी यांनी, मुले सांगतात ते खरे असते, असे पुन्हा मांडले, तर त्यांच्यावर सहकाऱ्यांची इतराजी झाली. म्हणजे आमच्या वाड्यात घडले तेच विद्वानांच्या सभेतही घडले. सत्य मुठीत आले आणि मूठ पुन्हा झाकली गेली! विसाव्या शतकाच्या शेवटच्या चतुर्थकात स्त्रियांच्या चळवळींनी ती उघडली. 1992 साली ज्यूडिथ हर्मन या अमेरिकन मनोवैद्य बाईंनी युद्धातून परतलेले सैनिक आणि घरात अत्याचार सोसलेल्या स्त्रिया यांच्या मनोवस्थेतील साम्य सविस्तर दाखविले.

या दुखण्याची चार मुळे 1985 साली फिंकेलहोर आणि ब्राउन या अभ्यासकांनी सांगितली आहेत. ती अशी: विश्वासघात, असहायता, कलंकाची भावना, आणि लैंगिक जाणिवेला अकाली लागलेले विकृत वळण. ही चार नावे कोरडी वाटतील. नणंदबाईंच्या आयुष्यावरून ती मला उमगली, तशी सांगते.

विश्वास ही एक तागडी आहे. कोण किती वजनाचा, हे ती तोलून सांगते. ज्या मुलीच्या बाबतीत प्रेम करणारा हात आणि इजा करणारा हात एकच असतो, तिची तागडीच मोडते. मग ती एकतर कोणावरच विश्वास टाकीत नाही, किंवा ज्यावर टाकू नये त्यावर भलत्याच घाईने टाकते. बाहेरून पाहणारे पहिलीस 'माणूसघाणी' म्हणतात आणि दुसरीस 'भोळसट'. दोघींचे मूळ एकच, हे त्यांच्या ध्यानी येत नाही. असहायतेचेही तसेच. ज्या शरीराने एकदा 'नाही' म्हणून पाहिले आणि त्या 'नाही'चा काही उपयोग झाला नाही, ते शरीर पुढे संकट आले असता पळत नाही, झुंजत नाही, गोठून जाते. अशा स्त्रियांवर मोठेपणी पुन्हा अत्याचार होण्याचा धोका अधिक असतो, असे अभ्यासांत वारंवार आढळले आहे. त्यावर 'हिच्याच बाबतीत असे का घडते' म्हणून कुजबुजणारे लोक आपण अपराध्याची पाठराखण करीत आहो, हे जाणत नाहीत.

सर्वांत चमत्कारिक गोष्ट लाजेची. जिने काही केले नाही तिला लाज वाटते, आणि ज्याने केले तो ताठ मानेने पंगतीत बसतो. असे का व्हावे? फेअरबेर्न नावाच्या स्कॉटिश मनोवैद्याने 1940 च्या दशकात याचे जे उत्तर दिले ते मला फार मार्मिक वाटते. मुलाला जगावयाचे तर मोठ्या माणसांवाचून गत्यंतर नाही. ती माणसेच दुष्ट आहेत असे मानले तर त्याच्या पायाखालची जमीनच सरकते. त्यापेक्षा 'वाईट मीच असेन' असे मानणे त्याला सोसते. निदान जग तरी सुरक्षित राहते. म्हणजे मूल स्वतःला अपराधी ठरवून घेते ते मूर्खपणाने नव्हे, जगण्याच्या धडपडीने. पण बालपणी उभारलेला हा आडोसा पुढे तुरुंग होतो. नणंदबाई म्हणाल्या, "शाळेत पहिला नंबर आला तरी मला वाटे, यांना खरे कळले तर काढून घेतील."

आणि शरीर? शरीराला विसरता येत नाही. अत्याचाराच्या वेळी पुष्कळ मुली मनाने देहाबाहेर जाऊन उभ्या राहतात आणि आढ्याकडे पाहत बसतात. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ जाने यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मनाच्या या दुभंगण्याचे वर्णन केले होते. तात्पुरता हा उपाय दयाळू आहे. पण सवय जडली म्हणजे सुखाच्या वेळीही मन देहात परत येत नाही. निद्रानाश, अकारण धडधड, ओटीपोटातील न सापडणारे दुखणे, खिन्नता, आत्महत्येचे विचार, आणि पतीच्या निरागस स्पर्शानेही अंगावर उठणारा काटा. अमेरिकेत फेलिटी नावाचे वैद्य स्थूल रुग्णांचे वजन उतरविण्याचे काम करीत. वजन झपाट्याने उतरत असतानाच काही रुग्ण उपचार सोडून जात. विचारपूस करता त्यांपैकी पुष्कळांच्या बालपणी अत्याचार झाल्याचे निघाले. लठ्ठपणा हे त्यांचे चिलखत होते! त्यातून 1998 साली नऊ हजारांहून अधिक माणसांच्या पाहणीवर आधारलेला जो अभ्यास पुढे आला, त्याने बालपणीच्या आघातांचा संबंध प्रौढपणीच्या शारीरिक रोगांशीही जोडून दाखविला.

आपल्याकडे हे दुखणे आणखी एका वाटेने बोलते. सोलापुराहून गाणगापूर दूर नाही. आरतीच्या वेळी घुमणाऱ्या, किंचाळणाऱ्या बायका तेथे अनेकांनी पाहिल्या असतील. सर्वांचे कारण एकच असते असे म्हणणे अडाणीपणाचे होईल, आणि श्रद्धेची कुचेष्टा करण्याचाही माझा हेतू नाही. परंतु जिला घरात हूं की चूं करता येत नाही तिला अंगात आल्यावर मोठ्याने ओरडता येते, हे तर कोणासही दिसण्यासारखे आहे. देवापुढे फुटलेली ती किंकाळी मुळात कोणाला उद्देशून होती, हे घरी आल्यावर कोणी विचारते काय?

येथे एक सावधगिरीची सूचना करणे अवश्य आहे. अत्याचार सोसलेली प्रत्येक स्त्री आयुष्यातून उठते, असे मुळीच नाही. पुष्कळजणी संसार करतात, मुले वाढवितात, कर्तबगारी गाजवितात. 'हिचे आयुष्य बरबाद झाले' हा शेरा हीदेखील एक क्रूरताच होय. जखम किती खोल जाईल हे अनेक गोष्टींवर अवलंबून असते, पण त्यांपैकी एक आपल्या हातची आहे, आणि अभ्यासांनी ती पुन्हा पुन्हा अधोरेखित केली आहे. मुलीने सांगितले तेव्हा निदान एका मोठ्या माणसाने तिच्यावर विश्वास ठेवला काय, आणि तिची बाजू घेतली काय? ज्यांच्या वाट्यास असे एक माणूस आले त्या पुष्कळ अंशी सावरल्या.

मी स्वतः असे माणूस होऊ शकले असते, आणि झाले नाही. मी शिक्षिका होते. माझ्या सातवीच्या वर्गातील एक हुशार मुलगी एकाएकी मागे पडू लागली. वर्गात पेंगे, नखे रक्त येईतो कुरतडे, शाळा सुटली तरी घरी जावयास नाखूष असे. मी तिला 'लक्ष नाही' म्हणून वर्गाबाहेर उभे केले, आणि एकदा चारचौघींत टाकून बोलले. पुष्कळ वर्षांनी, दोन मुलांची आई झाल्यावर, ती मला भेटली आणि त्या वर्षी शिकवणीच्या निमित्ताने तिच्यावर काय गुदरत होते ते तिने शांतपणे सांगितले. शेवटी म्हणाली, "बाई, तुम्ही रागावलात तेव्हा मला वाटले, तुम्हाला कळले आहे, आणि म्हणूनच तुम्ही रागावला आहात." या वाक्याचे उत्तर माझ्याजवळ अद्यापि नाही.

'मग तेव्हाच का सांगितले नाही?' हा प्रश्न सगळेच विचारतात. वस्तुतः मुली सांगत असतात. नखांनी सांगतात, पोटदुखीने सांगतात, मांडीवर बसावयास नाही म्हणून सांगतात. आपल्याला ती भाषा येत नाही. 1983 साली समिट या वैद्याने दाखविले की गुप्तता, असहायता, मुकाट जुळवून घेणे, उशिरा आणि अडखळत सांगणे, आणि सांगितल्यावर घरातील कल्लोळ पाहून ते मागे घेणे, हाच अशा मुलांचा नेहमीचा क्रम आहे. म्हणजे ज्या गोष्टींवरून आपण 'ही खोटे बोलते' असा निष्कर्ष काढतो त्या खरेपणाशी मुळीच विसंगत नाहीत. हा धडा न्यायासनासही सावकाशच शिकावा लागला. 1972 साली विदर्भात देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या किशोरवयीन आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. 1978 साली सर्वोच्च न्यायालयाने, तिच्या अंगावर जखमा नाहीत व तिने प्रतिकार केला नाही, यावरून तिची संमती गृहीत धरून आरोपींस सोडले. त्यावर वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर, लतिका सरकार व उपेंद्र बक्षी या चौघा कायदेपंडितांनी न्यायाधीशांस जाहीर पत्र लिहिले. निमूटपणे सोसणे म्हणजे संमती नव्हे, हा त्या पत्राचा गाभा होता. देशभर आंदोलन झाले आणि 1983 साली कायदा बदलला. संमतीचे वाचन मोठ्याने करून मगच अक्षता टाकणाऱ्या आमच्या गावाला तरी हे तत्त्व अवघड वाटू नये.

आता दुसरी बाजू. तीही प्रामाणिकपणे ऐकली पाहिजे. पहिला आक्षेप असा की, अशा गोष्टींची चर्चा सुरू झाली तर खोटे आरोप होतील, निरपराध माणसाची अब्रू जाईल. ही भीती निराधार नाही. म्हणूनच चौकशी, पुरावा आणि न्यायालय यांची योजना आहे. परंतु मुलीचे शांतपणे ऐकून घेणे म्हणजे कोणास फासावर देणे नव्हे. डॉक्टर पोटदुखीची तक्रार ऐकतो तेव्हा तो शस्त्रक्रियेचा निकाल देत नाही, पण 'तू ढोंग करतेस' असे म्हणून दारही लावीत नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. अपराधी म्हातारा झाला, कदाचित वारला. घर सुखात आहे. जुनी मढी उकरून काय लाभ? क्षमा हा धर्म नव्हे काय? क्षमा थोर खरीच. पण क्षमा करण्याचा अधिकार ज्याचे गेले त्याचा. माझ्या घरी चोरी झाली असता शेजाऱ्याने चोरास क्षमा करावी, हे औदार्य नव्हे, आगंतुकपणा होय. शिवाय ज्या अपराधाचा उच्चारच झाला नाही त्याची क्षमा तरी कशी करावयाची? क्षमेच्या आधी सत्याचा उच्चार हवा. त्यावाचूनची क्षमा म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसण्याचेच दुसरे नाव. आणि घर सुखात आहे, हे कशावरून? ज्या सुखाची किंमत एक माणूस रोज गुपचूप मोजीत आहे ते सुख नव्हे, उधारी आहे.

तिसरा आक्षेप मात्र मला मान्य आहे. बोलणे हे औषध आहे म्हणून प्रत्येक स्त्रीने बोललेच पाहिजे, असा आग्रह धरणारे लोक हल्ली दिसतात. हा जुन्याच जुलमाचा उलटा प्रकार झाला. ज्या मुलीच्या देहावर तिची सत्ता चालू दिली नाही तिच्या कथेवर तरी तिची सत्ता चालू द्यावी. मूठ झाकणे हे मूळचे पाप नव्हे. दुसऱ्याने तिची बोटे आवळून धरणे हे पाप. ती कधी उघडावी, कोणापुढे उघडावी, की उघडूच नये, हे तिने ठरवावे. आपण इतकेच करावे की तिने उघडली तर आपण तेथे असावे.

प्रौढ स्त्रीची गोष्ट ही झाली. मूल आज संकटात असेल तर मात्र मोठ्यांस मौनाचा पर्याय नाही. 2007 साली केंद्र सरकारने तेरा राज्यांतील 12,447 मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले. अत्याचारी व्यक्तींपैकी सुमारे निम्मी मुलांच्या ओळखीची, विश्वासाची होती. आणि त्या मुलांत मुलगेही मुलींइतकेच होते, हे येथे नमूद केले पाहिजे. त्यांच्या मौनाची कथा निराळी आहे आणि तीही कोणीतरी लिहिली पाहिजे. 2012 साली बालकांच्या लैंगिक संरक्षणाचा स्वतंत्र कायदा झाला. अठरा वर्षांखालील सर्व मुलांस तो लागू आहे, आणि असा गुन्हा घडल्याचे ठाऊक असून न कळविणे हाही त्याखाली गुन्हा ठरतो. मुलांसाठी 1098 हा दूरध्वनी क्रमांक आहे. म्हणजे वाड्यातील आईचे 'कोणाला सांगू नकोस' हे शब्द आज कायद्यालाही मान्य नाहीत. पण कायदा वाड्यात आपल्या पायांनी येत नाही. त्यास कोणीतरी आत बोलवावे लागते.

नणंदबाईंची हकीकत अर्धी राहिली. ते आप्त वारून पुष्कळ वर्षे झाली होती. त्यांची तसबीर आमच्या माजघरात होती, आणि दर पुण्यतिथीस तिला हार घातला जात असे. नणंदबाई माहेरी असल्या म्हणजे तो हार त्यांच्याच हातून घातला जाई, कारण त्या आप्तांचा त्यांच्यावर 'फार जीव' होता, असे सारे म्हणत. त्या रात्री उठताना त्या म्हणाल्या, "मला काही नको वहिनी. फक्त तो हार मला घालावयास सांगू नका."

त्यांच्या अनुमतीने मी हे यजमानांस सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "खरे कशावरून?" मी काही बोलले नाही. दोन दिवसांनी ते शिडी घेऊन आले आणि त्यांनी तसबीर उतरविली. कोणासही कारण सांगितले नाही. भिंतीवर तिच्या जागी एक फिकट चौकोन आहे. येणारे-जाणारे आप्त तिकडे पाहतात, आणि पुतण्यांनी एकदोनदा विचारलेही आहे. त्यांस काय सांगावे याचा निर्णय नणंदबाईंनी अजून केलेला नाही. त्यांनी करीपर्यंत आम्ही भिंत रंगविलेली नाही.

नातीच्या बाबतीत मात्र आता घरात एक नियम आहे. तिला कोणी उचलावयाचे झाले, तर आधी तिला विचारावयाचे. पाहुणे हसतात. ती कधी होय म्हणते, कधी नाही म्हणते.